दोन मापांनी मोजलेले घोडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाच्या दणकट गाड्या) आणि जर्मन आलिशान वेगवान गाड्या यांची तुलना करणारा लेख वाचला. एका रांगेत मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर. दुसऱ्या रांगेत बीएमडब्ल्यूची एम, मर्सिडीजची एएमजी आणि ऑडीची आरएस. शेजारी तक्ता: अश्वशक्ती, शून्य ते शंभर, किंमत. खाली निकाल: अमेरिकन गाडी म्हणजे सरळ रस्त्यावरचा दांडगोबा, जर्मन म्हणजे वळणावरची नजाकत. तक्ता दिसायला नेटका होता. पण त्यातले निम्मे आकडे एका मापाचे नाहीत, आणि निकाल किमान १० वर्षांपूर्वीचा आहे. गाडी घेणाऱ्याला आणि ती दुरुस्त करणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: ताकद कशातून काढली, तिच्यासोबत निघालेली उष्णता कुठे गेली, आणि बिघडल्यावर एका भागापर्यंत पोचायला काय काय उतरवावं लागतं. लेखात यातली एकही आली नाही.

आधी मापांचं बघू. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत. म्हणजे इंजिन नुसतं स्टँडवर चढवायचं, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, आणि जो आकडा येईल तो जाहिरातीत. १९७२ पासून 'नेट' आकडा आला; त्यात हे सगळं जोडलेलं असतं. कॅमॅरो झेड२८ ची १९७१ ची छापील ताकद ३३० आणि १९७२ ची २५५. इंजिन जवळपास तेच ३५० क्युबिक इंचांचं. ७५ घोडे रातोरात पळाले नाहीत, ते मुळात रस्त्यावर आलेच नव्हते. म्हणून १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चे ४५० घोडे आणि आजच्या एखाद्या एम३ चा आकडा एका ओळीत लिहिणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत घालणं.

त्यात जर्मन आकडा 'पीएस' मध्ये, म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीत असतो. अमेरिकन १ अश्वशक्ती म्हणजे १.०१४ पीएस. १०० ला दीड घोडा, फारसा नाही. पण ७०० च्या पुढे १० घोड्यांचा फरक नुसत्या मापातून पडतो. वेळेचं प्रकरण याहून वाईट. अमेरिकेत ० ते ६० मैल मोजतात, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटर, १०० नव्हे. शिवाय तिथली मासिकं आणि कंपन्या बहुतेकदा गाडी पहिला एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ चालू करतात. ड्रॅग स्ट्रिपवरच्या प्रकाशकिरणाच्या व्यवस्थेतून आलेली ही रीत. त्या एका फुटात पाव ते एक तृतीयांश सेकंद जातो. युरोपातला ० ते १०० चा आकडा साधारणपणे जागेवरून मोजलेला असतो. आपल्या तक्त्यात ०.२ सेकंदाने 'हरलेली' गाडी प्रत्यक्षात जिंकलेलीही असू शकेल.

आता या गाड्या अशा झाल्या कशा, ते. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागातल्या लोकांनी, त्यात जॉन डिलोरियन होते, मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन) बसवलं. जनरल मोटर्सचा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० इंचांहून मोठं इंजिन नको. मग नवीन मॉडेल म्हणून नव्हे, तर 'जीटीओ' नावाचं 'जास्तीचं पॅकेज' म्हणून ते विकलं. नियम मॉडेलला होता, पॅकेजला नव्हता! (असली पळवाट आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत शोभली असती.) ५,००० गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ गेल्या. पेट्रोल स्वस्त, इंजिनाच्या सीसीवर कर नाही, रस्ते सरळ, आणि शर्यत म्हणजे सिग्नल ते सिग्नल किंवा पाव मैल, ४०२ मीटर. अशा ठिकाणी ताकद वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग एकच: सिलिंडर मोठा करा.

जर्मनीत वाहनकर पिढ्यान्पिढ्या सीसीवर बसत आला. तिथे मोठं इंजिन म्हणजे दरवर्षीचा भुर्दंड. त्यामुळे तिथल्या अभियंत्याने सीसी कमी ठेवून इंजिनाचे मिनिटाचे फेरे वाढवले, व्हॉल्व्ह वाढवले, पुढे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप) लावले. दुसरीकडे ऑटोबानच्या बऱ्याच भागांवर वेगमर्यादा नाही, ताशी १३० ची नुसती शिफारस आहे. म्हणजे गाडीला १० सेकंदांचा झटका नव्हे, तर २०-२५ मिनिटं सलग २०० च्या पुढे धावणं जमलं पाहिजे. तेवढा वेळ इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल आणि ब्रेक थंड ठेवायचे, तर कूलर, हवेच्या वाटा, मोठ्या डिस्क हे सगळं आलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी यांनी आपापसांत ताशी २५० ची मर्यादा मान्य केली, तीही या धावण्याची धास्ती वाटू लागल्यावर. त्याच काळात अमेरिकेत १९७४ पासूनची ताशी ५५ मैलांची मर्यादा चालू होती; १९८७ मध्ये काही ठिकाणी ती ६५ झाली. २५० पळू शकणारी गाडी तिथे बनवून कोणाला दाखवणार?

इंजिनाचा हिशेब कागदावर करता येतो. न्यूटन-मीटरमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. २०१६ च्या कॅमॅरो एसएसचं एलटी१ इंजिन घ्या: ६.२ लिटर, ६,००० फेऱ्यांना ३३९ किलोवॅट, म्हणजे त्या क्षणी टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर. बीएमडब्ल्यूच्या ई९२ पिढीतल्या एम३ चं एस६५ इंजिन: ४ लिटर, ८,३०० फेऱ्यांना ३०९ किलोवॅट, म्हणजे टॉर्क ३५५. एकाने माल मोठ्या पोत्यात नेला, दुसऱ्याने छोट्या पोत्यात जास्त खेपा मारल्या. 'लिटरमागे किती घोडे' हा निकष लावून एस६५ ला हुशार आणि एलटी१ ला मागासलेलं ठरवायची आपल्या लेखातली घाई इथेच चुकते. लिटर ही सिलिंडरच्या आतली पोकळी. बोनेटखाली जागा व्यापतो तो इंजिनाचा बाहेरचा आकार. एलटी१ मध्ये एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), तोही ब्लॉकच्या पोटात. तिथून १६ पुशरॉड वर जाऊन रॉकर हलवतात, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. त्यामुळे हेड बुटकं आणि अरुंद राहतं. मस्टँगचं ५ लिटरचं 'कोयोटी' चार कॅमशाफ्ट आणि ३२ व्हॉल्व्हचं. आतून लहान असूनही ते बाहेरून ६.२ लिटरच्या एलटी१ पेक्षा रुंद भरतं. पुशरॉडची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते: रॉड, रॉकर आणि लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारा तुकडा) यांचं वजन पुढे-मागे हलवताना साडेसहा हजारांच्या आसपास स्प्रिंग दमते आणि व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. म्हणून तो मार्ग तिथे संपतो. पण दोन सिलिंडरच्या मध्यांमधलं ४.४ इंचांचं अंतर १९५५ च्या शेवरोलेपासून या एलटी१ पर्यंत तेच आहे. ६० वर्षं एकच माप घासूनपुसून वापरणं हाही अभियांत्रिकीचाच गुण.

मागच्या ॲक्सलवरून अमेरिकन गाड्यांची जी टिंगल होते, ती एकेकाळी रास्त होती. मस्टँगला २०१४ पर्यंत (१९९९ ते २००४ ची कोब्रा सोडली तर) मागे अखंड ॲक्सल होता, आपल्या ट्रकला असतो तसा. पाव मैलाच्या शर्यतीत तो फायद्याचा: गाडी मागे बसली तरी चाकं सरळ उभी राहतात, टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकते आणि दणका सोसायला एकच जाड नळी असते. पण वळणात एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं. २०१५ ला मस्टँगची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झाली. चॅलेंजरची तर २००८ पासूनच होती, आणि त्यातली गंमत लेखात यायला हवी होती. त्या गाडीचा सांगाडा डेमलर आणि क्रायस्लर एकत्र असतानाच्या काळातला आहे. मागची पाच दांड्यांची रचना मर्सिडीजच्या तेव्हाच्या ई-क्लासवरून, पुढची एस-क्लासवरून, आणि सुरुवातीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिकही मर्सिडीजचाच. २०१५ पासून त्यात जर्मनीतल्या झेडएफ कंपनीच्या ८ गिअरच्या ऑटोमॅटिकची रचना आली. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत हेच घराणं आहे. उलट दिशेनेही माल गेला. चुंबकाने घट्ट-पातळ होणाऱ्या ऑइलचे शॉकॲब्सॉर्बर पहिल्यांदा २००२ च्या कॅडिलॅकमध्ये, डेल्फीने बनवलेले, आणि चार-पाच वर्षांत ते ऑडी टीटी आणि आर८ मध्ये. 'अमेरिकन दांडगाई' आणि 'जर्मन नजाकत' एकमेकांच्या घरात केव्हाच जेवतायत.

वजनाचंही तेच. चॅलेंजरची 'हेलकॅट' नावाची तगडी आवृत्ती साधारण २ टनांची. ७०७ घोडे असूनही तिला 'म्हैस' म्हणून हिणवलं गेलं. २०२४ ची बीएमडब्ल्यू एम५ मोटर-बॅटरी धरून २,४३५ किलोंची आहे. इकडे चॅलेंजरचं उत्पादन २०२३ अखेर थांबलं. तिच्या जागी आलेल्या चार्जरच्या पेट्रोल आवृत्तीत आता व्ही-८ नाही. ३ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं, दोन टर्बोचं इंजिन आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. बीएमडब्ल्यूच्या एम३-एम४ मधल्या एस५८ इंजिनाचाही बोअर ८४ आणि स्ट्रोक ९०! मर्सिडीजने तर सी६३ मधून व्ही-८ काढून २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि वीजमोटर बसवली. लेखातली वाटणी कोणत्या वर्षाची, हा प्रश्न म्हणूनच.

आता उष्णतेकडे. हेलकॅटचा सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) पट्ट्यावर चालतो आणि पूर्ण जोरात इंजिनाचेच जवळपास ८० घोडे खातो. दाबलेली हवा तापते, ती पाण्याच्या इंटरकूलरने थंड करतात. एका धावेला ठीक. लागोपाठ तिसऱ्या धावेला पाणीच तापलेलं असतं, कॉम्प्युटर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे ओढतो आणि छापील घोडे हजर राहत नाहीत. म्हणून चॅलेंजरच्याच २०१८ च्या डीमन आवृत्तीत एसीचा गारवा इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवायची सोय केली. (त्याच गाडीत वजन कमी करायला शेजारची सीट काढून टाकली होती, आणि ती परत हवी असेल तर १ डॉलर.) ट्रॅकवरचं दुसरं उदाहरण मस्टँगच्या २०१६ च्या शेल्बी जीटी३५० आवृत्तीचं. ५२६ घोडे, ८,२५० फेरे, आवाज ऐकत राहावा असा. पण सगळ्यात साध्या आवृत्तीला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑइलचे कूलर दिलेच नव्हते. ट्रॅकच्या काही चकरांत ऑइल तापून गाडी स्वतःला आवरती घ्यायची. पुढच्या वर्षीपासून कूलर सगळ्यांना दिले. इंजिन बनवलं १० मिनिटांच्या कामाचं, आणि बाकी गाडी १० सेकंदांच्या हिशेबाने.

जर्मन गाडीत उष्णतेची चूक वेगळ्या जागी होते. बीएमडब्ल्यूच्या ४.४ लिटरच्या एन६३ व्ही-८ मध्ये टर्बो दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खाचेत बसवले. एक्झॉस्टची वाट आखूड, टर्बो चटकन फिरतो, पॅडल दाबताच गाडी झेपावते. पण इंजिनातली सगळ्यात तापट वस्तू प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, वायरी आणि कूलंटच्या नळ्यांच्या घोळक्यात आली. परिणाम ठरलेले: व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक होतं, ऑइल गळून सिलिंडरमध्ये उतरतं. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण गरम करा, १५-२० मिनिटं जागेवर आयडलला ठेवा, मग एकदा रेझ करा. मागे निळा ढग आला की सील गेली. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त असते, तेव्हा दांडीच्या बाजूने ऑइल आत साचतं आणि पहिल्या रेझला जळतं. दुरुस्तीत ३२ व्हॉल्व्हच्या स्प्रिंग एकेक करून काढाव्या लागतात. व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून त्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून ठेवायचा. सील चिल्लर किमतीचं, मजुरी डोळे पांढरे करणारी. असं इंजिन असेल तर जोरात चालवल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू आणा, मग बंद करा. बंद केल्यावरही पंखा नि पाण्याचा छोटा पंप घरघरत राहतो, तो बिघाड नाही.

अमेरिकन इंजिन साधं म्हणून दुरुस्ती स्वस्त, हा समज मात्र मोडायला हवा. डॉजच्या ५.७ लिटरच्या हेमी व्ही-८ इंजिनात (आणि ऑटोमॅटिकवाल्या ६.४ मध्येही) पेट्रोल वाचवायला १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर वेळप्रसंगी झोपवतात. त्यासाठीचे लिफ्टर नाजूक. लिफ्टरच्या तळाला एक रोलर असतो, रोलरच्या आत सुईएवढ्या बेअरिंग. बेअरिंगला ऑइल कमी पडलं की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमच्या उंचवट्यावर नुसता घासतो. आधी टकटक, मग तो सिलिंडर मिसिंग मारतो, तोवर कॅमचा उंचवटा झिजून सपाट आणि लोखंडाचा कीस सगळ्या इंजिनभर. आता मोजा: लिफ्टर बदलायला इनटेक उतरवा, रॉकर आणि पुशरॉड काढा, मग हेडच खोला, कारण लिफ्टर वरूनच निघतात. कॅमही गेला असेल तर रेडिएटर, टायमिंगचं झाकण आणि चेन. एका कॅमशाफ्टचं 'साधं' इंजिन अर्धं उघडतं. प्लग बदलतानाही खिसा जरा सैल ठेवा. हेमीला सिलिंडरमागे दोन, एकूण १६ प्लग लागतात.

पण प्रत्येक टकटक लिफ्टरची नसते, आणि नेमकी इथेच माणसं फसतात. हेमीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट, विशेषतः मागच्या टोकाचे, तापून-निवून तुटतात. फटीतून गॅस बाहेर पडतो तो आवाजही टकटकच. फरक असा: थंड इंजिनाला टकटक आणि १० मिनिटांनी गरम झाल्यावर गायब, तर मॅनिफोल्ड. लोखंड प्रसरण पावून फट मिटते. गरम झाल्यावरही टिकली किंवा वाढली, तर लिफ्टरचा संशय. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका, आणि गेल्यावर पहिला हात बोनेटला लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

याच्या उलट एम३ च्या एस६५ इंजिनाचा कुप्रसिद्ध दोष, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. ऐकायला भयंकर, कारण बेअरिंग फिरलं की क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. कारण असं सांगतात की बेअरिंग आणि क्रँक यांतली फट फार कमी ठेवली, आणि ऑइल १०डब्ल्यू-६० असं जाड. सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत ते त्या फटीत पुरेसं शिरत नाही. म्हणूनच त्या गाडीच्या आरपीएम काट्याभोवतीचे दिवे थंड इंजिनाला कमी फेऱ्यांनाच पेटतात आणि ऑइल तापत जाईल तसे पुढे सरकतात. ते दिवे शोभेचे नाहीत. पण प्रतिबंधक दुरुस्ती हेमीपेक्षा सोपी. इंजिन वरून आडव्या दांडीला टांगतात, पुढची सबफ्रेम खाली घेतात, ऑइल चेंबर काढतात आणि खालूनच एकेक कॅप सोडून शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) बदलतात. हेडला हात लागत नाही. पाळायचं एवढंच: कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच बाजूने, रॉडचे बोल्ट एकदा ताणले की निकामी, त्यामुळे नवेच, आवळणं टॉर्क रेंचने आणि नंतर कोनाच्या मापाने, 'हाताला कळतं' हा प्रकार इथे नको. बंद करण्यापूर्वी फट प्रत्यक्ष मोजा. सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनात शेलवर शिशाचा थर होता, म्हणून निघालेलं ऑइल प्रयोगशाळेत दिलं तर शिशाचा आकडा झीज दाखवतो. नंतरच्या शेलमध्ये शिसं नाही. तिथे तो आकडा शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

झेडएफचा ८ गिअरचा गिअरबॉक्स दोन्हीकडे आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. गाडीच्या कंपन्या त्याचं ऑइल 'आयुष्यभराचं' म्हणतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगते. कोणाचं ऐकायचं हे सांगायला नकोच. गाडी लिफ्टवर अगदी सपाट हवी. ऑइल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा. तो अडला आणि खालचं ऑइल सांडून बसलं, तर गाडी तिथेच अडकली. बऱ्याच गाड्यांत चेंबर प्लॅस्टिकचं असून फिल्टर त्यातच जडवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे चेंबर, गॅस्केट आणि बोल्ट सगळं नवं. एका बदलात ५ ते ६ लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. भोकातून ओघळेपर्यंत भरा, इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्स, मग प्रत्येक गिअर काही सेकंद. ऑइल आत पसरतं, पुन्हा भरा. आता स्कॅनरवर तापमान बघत राहा. ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू असताना, भोकातून बारीक धार थेंबांवर आली की बोल्ट लावा. लांबून चालवत आणलेल्या गाडीवर ८० अंशांना पातळी ठरवली तर फुगलेलं ऑइल बाहेर वाहून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके, आणि दोष येतो गिअरबॉक्सवर.

भारतापुरतं सांगायचं तर, आपल्या तक्त्यातले मस्टँगचे ४३५ घोडे अमेरिकेतले आहेत. २०१६ मध्ये इथे आलेली ५ लिटरची मस्टँग ४०१ पीएस आणि ५१५ न्यूटन-मीटरची होती, किंमत दिल्लीत शोरूमला ६५ लाख. त्या पिढीपासूनच मस्टँग कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघू लागली, म्हणून ती आली; चॅलेंजर तशी कधी निघालीच नाही. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. मर्सिडीजची एएमजी मात्र नोव्हेंबर २०२० पासून चाकणला जोडली जाते, जीएलसी ४३ कूपे ही पहिली. भाग, स्कॅनर आणि शिकलेले हात जवळ असणं, हाही तक्त्यातला एक रकाना व्हायला हवा होता, आणि पुण्याच्या वाचकाला तो शून्य ते शंभरपेक्षा जास्त कामाचा.

आपला,
एक वाचक (वाहन अभियंता), चिंचवड

ता. क. लेखात 'अमेरिकन गाड्यांना ९१ ऑक्टेन चालतं, म्हणजे आपलं साधं पेट्रोल पुरे' असं वाक्य आहे. ते कृपया दुरुस्त करावं. अमेरिकेच्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपल्याकडचा आणि जर्मनीतला फक्त एका पद्धतीचा, जो मोठा येतो. तिथलं ९१ म्हणजे इथलं साधारण ९५-९६, आणि तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. मॅन्युअलमध्ये ९१ वाचून आपल्या मापाचं ९१ भरलं, तर चढावर कमी फेऱ्यांत पॅडल दाबताना आतून खडखड येईल. नॉक सेन्सर इग्निशन मागे घेऊन इंजिन सांभाळेल, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतील. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा आणि आकड्याशेजारी कोणती तीन अक्षरं आहेत ते बघा: 'आरओएन' असेल तर आपलं माप, 'एकेआय' किंवा 'आर अधिक एम भागिले दोन' असेल तर त्यात ४-५ मिळवा.